उल्हास नदीवरील सामाईक पाणीपुरवठा (आंबिवली–मोहने परिसर)

कल्याण–कसारा रेल्वेमार्गावरील आंबिवली स्थानकाजवळ, मोहने येथे उल्हास नदीवर बंधारा आहे. या टापूत शेजारशेजारच्या, पण ऐपत अगदी वेगवेगळी असलेल्या संस्था एकाच नदीतून पाणी उचलतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेचे मोहिली पाणीपुरवठा केंद्र येथेच आहे. शहाडजवळ उचललेले पाणी ‘स्टेम’ ही संस्था भिवंडीतील टेमघरला शुद्ध करते. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद हे स्टेमचे भागीदार आहेत. वरच्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळ जांभूळला, तर जीवन प्राधिकरण बदलापूरला पाणी घेते.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. पावसाळा सरल्यावर तिचे स्वतःचे पाणी फारसे उरत नाही. उन्हाळ्यात वाहते ते बरेचसे बाहेरून आलेले. ठोकळवाडी धरणातले, म्हणजे पुणे जिल्ह्यातील आंद्रा नदीचे पाणी १९२२ पासून सुरू असलेल्या टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली येते आणि पेज नदीमार्गे उल्हासला मिळते. हे मुळात भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे जाणारे पाणी. दुसरा आधार महामंडळाच्या बारवी धरणाचा (१९७२). त्यामुळे कल्याणच्या नळाला पाणी किती दिवस येणार, हे मावळात ठोकळवाडीला आणि मुरबाडच्या अंगाला बारवीत काय साठले यावर ठरते. पाऊस कमी झाला की पाटबंधारे खाते साठा १५ जुलैपर्यंत पुरवण्याच्या हिशेबाने सर्वांना कपात लावते. कपातीचा वार ठरतो, पण तिची झळ सारखी बसत नाही. मोठ्या संकुलांत भूमिगत टाक्या असतात आणि टँकर मागवता येतो. मोहन्याच्या चाळींत आदल्या रात्री पिंप, कळश्या, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. येथील एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडल्यापासून या वस्तीची कमाईही आटली आहे.

उचल मोजण्यात या संस्थांचे सहकार्य बऱ्यापैकी चालते. नदीत काय सोडले जाते, याबाबत ते लंगडे आहे. उल्हासनगरच्या खेमानी नाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत मिसळत राहिले. ‘वनशक्ती’ या संस्थेने नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित लवादापर्यंत नेला. उन्हाळ्यात मोहन्याला पाण्यावर जलपर्णीची जाड हिरवी गादी पसरते, पात्र दिसेनासे होते आणि ती काढण्याचा खर्च खालच्यांच्या माथी येतो. वरच्या शहराची घाण खालच्या शहराने उपसावी, ही वाटणी न्याय्य नाही. याउलट, जिनिव्हा आणि शेजारचा फ्रान्समधील ओत-साव्हॉय जिल्हा यांच्यात तर देशाची सीमा आहे. तरी १९७८ मध्ये सामाईक भूजलाचा करार करताना त्यांनी उपशाच्या मोजणीबरोबर पुनर्भरणाचा खर्च आणि पाण्याच्या प्रतीची तपासणीही त्यात घेतली.

धरणासाठी जमीन देणाऱ्यांचा वाटा हा या व्यवस्थेचा सर्वांत दुर्लक्षित भाग. स्टेमच्या भागीदारीत जिल्हा परिषद असल्याने काही गावांना पाणी मिळते, पण धरणाखाली गेलेल्या गावांना तेथे आवाज नाही. बारवीची उंची वाढवताना मात्र वेगळी वाट निघाली. बाधित कुटुंबातील एकाला महामंडळात किंवा बारवीचे पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महापालिकांत नोकरी देण्याचे ठरले. ज्याच्या जमिनीवर पाणी साठले, त्याला त्या पाण्याच्या ग्राहकाने कायमची मिळकत द्यायची, हे तत्त्व एकरकमी भरपाईपेक्षा कितीतरी सरस आहे. अंमलबजावणीसाठी प्रकल्पग्रस्तांना दीर्घकाळ झगडावे लागले, हेही नोंदवले पाहिजे.

शेजारच्या शहापूर तालुक्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच तालुक्यात आहेत. भातसाचे पाणी पिसे बंधाऱ्यावरून मुंबईला आणि ठाण्याला जाते. शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि बायका दोरी सोडून ते पुन्हा वर काढतात. आता या गावपाड्यांसाठी नाशिक जिल्ह्यातील, इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घेतली आहे.