घर आपलं, भिंत रस्त्याची: पनवेलमधल्या देखभालीच्या नियमांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. घरांची डागडुजी आणि नगरपालिकेचे नियम, यात इतिहास कसला? पण दर पावसाळ्याआधी आपल्या शहरांत धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, दारांवर नोटिसा चिकटतात, आणि तरीही माणसं त्याच छपराखाली पावसाळा काढतात. असं का होतं? याचं उत्तर शोधायला आपल्याला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल.

कायदा यायच्या आधी देखभाल नव्हती असं नाही. ती रिवाजात होती. लाकडी खांब, मातीच्या भिंती, वर कौलं, अशा कोकणातल्या घराची पावसाच्या तोंडावर शाकारणी करावीच लागे. ती चुकली तर तुळई कुजायची. म्हणजे शिक्षा करायला पाऊस होता, अधिकारी लागत नव्हता. प्रश्न यायचा तो घराच्या बाहेर. आपल्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडल्या तर? आपलं सांडपाणी गल्लीत वाहिलं तर?

पनवेलमध्ये हा प्रश्न मोठा होता, कारण पनवेल हे रहदारीचं गाव. मुंबईहून गलबतानं खाडीतून यायचं आणि इथून पुढे घाट चढायचा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि ही ये-जा वाढली. आता बैलगाड्यांचं गाव म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणा. बैल, शेण, गवताच्या गंज्या, वखारी, आणि पाण्याला तळी. अशा ठिकाणी एकाची घाण सगळ्यांच्या पाण्यात उतरते.

इथे १८५० चा २६ वा कायदा येतो. गावातल्या रहिवाशांनी मागणी केली, तर सरकार तिथे नगर समिती नेमू शकत होतं. कामं कोणती? रस्ते, गटारं आणि तळी बांधणं, दुरुस्त करणं, दिवाबत्ती करणं आणि उपद्रव रोखणं. या कायद्याखाली २५ ऑगस्ट १८५२ रोजी पनवेल नगरपालिका स्थापन झाली. आजच्या महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक.

'उपद्रव' या शब्दाकडे आपण नीट पाहू. भिंत तुझी आहे, पण ती रस्त्यावर कोसळणार असेल तर ती एकट्या तुझी राहत नाही. पुढचे सगळे नियम या एका विचारातून निघाले. आणि सुरुवात गावाच्या मागणीतून होती, हेही लक्षात ठेवू. त्याआधी १८४२ मध्ये बंगालसाठी असाच एक कायदा झाला होता. तो थेट कराच्या भीतीनं जवळजवळ कागदावरच राहिला. मुंबई इलाख्यात मात्र १८५० च्या कायद्याखाली बऱ्याच नगरपालिका निघाल्या. त्याचं एक मोठं कारण म्हणजे जकातीसारखा अप्रत्यक्ष कर बसवायची मुभा होती. गावाला सुधारणा हवी होती, पण पैसा खिशातून दिसेल असा द्यायचा नव्हता! हा पेच तेव्हापासूनचा आहे.

पुढे १८७३, १८८४ आणि १९०१ चे जिल्हा नगरपालिका कायदे आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ चा साथरोग कायदा झाला. घरात शिरून तपासणी, निर्जंतुकीकरण, चुन्याची सफेदी, हे सगळं सरकारी हुकमानं होऊ लागलं. लोकांच्या मनात नियम म्हणजे दारावरची थाप, हे समीकरण तिथे घट्ट झालं.

पण हुकूम काढून घर उभं राहत नाही, त्याला पैसा लागतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. ज्या व्यापारावर मोठी घरं बांधली गेली, तो आटत गेला. घरं राहिली, शाकारणीचा पैसा कमी झाला.

विसाव्या शतकात यात भाडेकरू आला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं, जिथे तो लागू झाला तिथे, भाडी गोठवली. महागाईत ते गरजेचंही होतं. पण मालक म्हणू लागला, एवढ्या भाड्यात कौलंसुद्धा बदलत नाहीत. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यातही दुरुस्ती मालकाचंच कर्तव्य आहे. त्यानं ती टाळली तर भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा किती? वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. आता भाडंच नाममात्र असेल तर त्याच्या चौथ्या हिश्शात काय होणार? एक तुळई तरी येईल का? म्हणून नोटीस आली तरी भाडेकरू हलत नाही. घर सोडलं की हक्क गेला, ही भीती पावसाच्या भीतीपेक्षा मोठी ठरते.

दुसरं पनवेल सिडकोचं. १९७० मध्ये सिडको आली, आणि पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभी राहिली. इथे जमीन भाडेपट्ट्यानं, आणि रस्ते-गटारांसाठी सेवा शुल्क सिडकोला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली, तेव्हा जुनं गाव, या वसाहती आणि २९ महसुली गावं एका छत्राखाली आली. महापालिकेनं मालमत्ता कर स्थापनेच्या तारखेपासून, म्हणजे मागील काळापासून लावला. वसाहतींतले लोक म्हणाले, त्याच काळात आम्ही सिडकोला शुल्क भरलंय, मग दोनदा का? वाद न्यायालयात गेला. आम्हांला यात १८५० सालचाच पेच दिसतो: सुधारणा हवी, पण बिल कोणाच्या नावावर?

आज महापालिका अधिनियमाचं कलम २६४ पडायला आलेल्या बांधकामांविषयी आहे. कलम २६५-अ नुसार इमारतीला ३० वर्षं झाली की संरचना अभियंत्याकडून तपासणी सक्तीची आहे. इमारतींचे वर्गही ठरले आहेत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पण २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, पाच मजली तारिक गार्डन कोसळली आणि १६ माणसं गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तिशी गाठेपर्यंत थांबणारा नियम तिथे काय करणार होता?

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. नियम कमी नाहीत. १८५२ पासून नियम वाढत गेले, पण ते बजावणारा आणि ज्याच्यावर बजावायचे तो, यांच्यातलं अंतरही वाढत गेलं. नोटिशीत 'घर सोडा' असतं. 'कुठे जा' आणि 'परत कसे या' हे त्याच कागदावर, तितक्याच स्पष्ट अक्षरांत लिहिलेलं असेल, त्या दिवशी लोक ती फाडणार नाहीत, वाचतील.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या. जुन्या गावातल्या भाडेकरूंनी आधी विचारावेत.