एका वेळी एकच कागद

'झेरॉक्स' हा शब्द आता मराठीच झाला आहे. एका अमेरिकन कंपनीचे नाव आपण सामान्य नामासारखे वापरतो. दाखल्याची झेरॉक्स काढतो, प्रश्नपत्रिकेची काढतो. या यंत्राचे विज्ञान शिकवायचे झाले, की आपण स्थिर विद्युत, प्रकाशाने विजेची वाहक होणारी द्रव्ये आणि काळी पूड यांबद्दल बोलतो. लेझर प्रिंटरचेही तेच. पण शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारा, की यंत्र बंद पडते ते कशाने? प्रकाशामुळे किंवा विजेच्या भारामुळे, असे उत्तर क्वचितच मिळेल. बहुतेक वेळा उत्तर येईल, 'कागद अडकला', 'कागद उचलत नाही', नाहीतर 'दोन-दोन कागद ओढतो'.

म्हणजे अडचण बऱ्याचदा असते ती कागदाच्या ट्रेपाशी. ट्रेमध्ये शंभर-दोनशे कागद ठेवायचे आणि यंत्राने त्यांतला वरचा एकच उचलायचा, एवढेच काम. ते दिसते तितके सोपे का नाही, ते कसे साधले आणि ते बिघडल्यावर दुरुस्त करण्याचे ज्ञान कुठे राहते, हे आपण या लेखात पाहू.

अक्षर आधी, कागद नंतर

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहायक ओटो कॉर्नाय यांनी पहिली कोरडी प्रतिमा मिळवली. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यांनी तो विद्युतभारित केला. त्यावर अक्षरे लिहिलेली काच ठेवून प्रकाश पाडला, पत्र्यावर लायकोपोडियमची पूड भुरभुरवली आणि उमटलेली अक्षरे मेणकागदावर उचलली. तो कागद अर्थातच हाताने ठेवला होता. त्या दिवशी कागद उचलण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला एकवीस वर्षांनी. १६ सप्टेंबर १९५९ रोजी 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र लोकांसमोर आले. ९ इंच बाय १४ इंचांपर्यंतचा कागद त्यात चाले, म्हणून ९१४. वजन जवळजवळ ३०० किलो, वेग मिनिटाला सुमारे सात प्रती. आता प्रत्येक प्रतीसाठी यंत्राने स्वतः कागद घेणे, तो ढोलापर्यंत नेणे, पूड वितळवून पक्की करणाऱ्या तप्त भागातून काढणे आणि बाहेर सोडणे आवश्यक होते. तप्त भागात कागद अडकला तर तो करपण्याचा, प्रसंगी पेटण्याचाही संभव असे. म्हणून यंत्राबरोबर एक लहान अग्निशामक नळकांडे दिले जाई. त्याला कंपनीने नाव दिले होते 'करपणे टाळणारे साधन'!

९१४ हे यंत्र मुख्यतः भाड्याने दिले जाई. महिन्याला ९५ डॉलर आणि त्यात दोन हजार प्रती फुकट. त्यामुळे यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी कंपनीवर आली आणि गावोगावी फिरणाऱ्या दुरुस्ती तंत्रज्ञांची मोठी फौज उभी राहिली. या मंडळींकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१९७१ साली याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर तयार केला. त्यासाठी त्यांनी कंपनीचेच एक प्रत काढणारे यंत्र घेतले. मूळ कागदावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाऐवजी संगणकाच्या आज्ञेने उघडझाप करणारा लेझर किरण त्यांनी ढोलावर फिरवला. बाकीचे यंत्र बरेचसे तेच राहिले. म्हणजे लेझर प्रिंटरला कागदाचा ट्रे वारशानेच मिळाला, आणि त्याबरोबर ट्रेची दुखणीही.

भोकांची पळवाट

या दुखण्यावर एक पळवाट होती. बँकेच्या किंवा रेल्वेच्या कार्यालयात ठिपक्यांनी छापणारे कर्कश प्रिंटर पाहिलेल्यांना दोन्ही कडांना भोके असलेला, घड्यांचा अखंड कागद आठवत असेल. दातेरी चाकांचे दात त्या भोकांत बसत आणि कागद पुढे सरके. सायकलची साखळी जशी दातांवरून सरकते तसाच. येथे घर्षणावर काही अवलंबून नाही, आणि कागद अखंड असल्याने एक सुटा करण्याचा प्रश्नही नाही.

१९७५ साली आयबीएम कंपनीने जाहीर केलेला '३८००' हा मोठा लेझर प्रिंटर असाच अखंड कागद वापरी. १९७७ सालचा 'झेरॉक्स ९७००' मात्र सुटे कागद घेई आणि मिनिटाला १२० पाने छापी, म्हणजे सेकंदाला दोन कागद उचले. पुढे १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा टेबलावर मावणारा लेझरजेट आला. त्यातील छपाईचे मूळ यंत्र कॅनन कंपनीचे होते. कार्यालयांना साधा सुटा कागद हवा होता. भोके मागे पडली आणि घर्षणाशी गाठ पक्की झाली.

तीन घर्षणांची उतरंड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ए-४ आकाराच्या ८० ग्रॅम प्रतिचौरस मीटर कागदाचे वजन भरते सुमारे ५ ग्रॅम, आणि जाडी असते सुमारे ०.१ मिलिमीटर. असे कागद गठ्ठ्यात आहेत आणि वरच्या कागदावर रबरी रूळ टेकून फिरतो आहे. रुळाचा दाब कागदाच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून वजन सोडून देऊ.

रूळ वरच्या कागदाला पुढे ओढतो. खालचा दुसरा कागद त्याला मागे धरतो. रबर आणि कागद यांमधले घर्षण कागदा-कागदातल्या घर्षणापेक्षा जास्त, म्हणून वरचा कागद सुटतो. येथवर ठीक.

पण दुसऱ्या कागदाचे काय? वरचा कागद सरकताना त्याला पुढे ओढतो, तिसरा कागद मागे धरतो. दोन्ही बाजूंना कागदच, दाबही जवळजवळ तेवढाच. म्हणजे ही रस्सीखेच बरोबरीची आहे! जरा स्थिर विद्युत असली, कापताना कडा एकमेकींत गुंतल्या असल्या किंवा हवेतला दमटपणा कागदात मुरला असला, की दुसरा कागदही निघाला. कागदाची चवड ट्रेमध्ये ठेवण्यापूर्वी फडफडवायची असते, ती याचसाठी.

यावर युक्ती अशी. गठ्ठ्यातून निघालेला कागद रूळ आणि त्याच्याखाली स्प्रिंगने दाबून बसवलेली खरखरीत पट्टी यांच्यामधून न्यायचा. ही पट्टी रबरासारख्या किंवा बुचासारख्या पदार्थाची असते. एकच कागद आला तर वर रूळ, खाली पट्टी. रुळाची पकड जास्त, म्हणून कागद पुढे जातो. दोन आले तर खालच्या कागदाला वरून कागद ओढतो आणि खालून पट्टी अडवते. पट्टीची पकड कागदापेक्षा जास्त, म्हणून तो थांबतो. अट एका ओळीत मांडता येते: रूळ आणि कागद यांचे घर्षण सर्वांत जास्त, पट्टी आणि कागद यांचे मधले, कागद आणि कागद यांचे सर्वांत कमी. मोठ्या यंत्रांत पट्टीच्या जागी दुसरा रूळ असतो. दोन कागद आले की तो खालच्याला मागे ढकलतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दहा-बारा कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर खोडरबर दाबून पुढे ढकला आणि प्रत्येक वेळी किती कागद निघाले ते मुलांना लिहू द्या. मग टेबलावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून त्यावर फक्त दोन कागद ठेवा आणि वरून तेच खोडरबर ढकला. खालचा कागद जागीच राहील. ट्यूबऐवजी पुठ्ठा, बूच, सुती कापड लावून पाहा. एक कागद पुढे जाऊ देणारी पण दुसरा अडवणारी जोडी कोणती, हे मुलांनाच शोधू द्या. आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेले घर्षणाचे नियम असे समोर आले, की 'घर्षण म्हणजे अपव्यय' ही पाठ्यपुस्तकी समजूतही सैल होते.

ट्रेची तपासणी

ही उतरंड ध्यानात असली, की लक्षणावरून दुखणे ओळखता येते. उतरंडीची वरची पायरी ढळली, म्हणजे रूळ गुळगुळीत झाला किंवा त्यावर कागदाची धूळ बसली, तर कागद उचललाच जात नाही. मधली पायरी ढळली, म्हणजे पट्टी झिजली, तर दोन-दोन कागद येतात. कागद तिरपा जात असेल तर ट्रेमधील बाजूच्या मार्गदर्शक पट्ट्या कागदाला नीट भिडलेल्या नाहीत.

तपासणी करायची तीही प्रयोगासारखी, एका वेळी एकच गोष्ट बदलून. आधी नवा, कोरडा कागद घाला. तरीही बिघाड होतो का? मग दुसऱ्या ट्रेमधून किंवा हाताने एकेक कागद देऊन वीस पाने छापा. तिथे सर्व ठीक चालले, तर दोष पहिल्या ट्रेकडेच आहे. कागद अडकला तर ओढून काढण्याआधी त्याची पुढची कड कुठवर पोचली ते पाहा. ती ट्रेबाहेरच आली नसेल तर पुढचे भाग उघडण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कागद 'अडकला' हे यंत्राला दिसत नाही. वाटेवर लहान तरफा असतात. कागद आला की तरफ हलते आणि एका प्रकाशझोताच्या आड येते किंवा त्यातून बाजूला होते. रूळ फिरल्यापासून ठरावीक वेळात हा बदल झाला नाही, तर यंत्र थांबते. म्हणजे यंत्र मोजते ते फक्त वेळ. तरफ मोडली असेल तर कागदाचा तुकडाही आत नसताना 'कागद अडकला' असा निरोप येतो.

दुरुस्ती बऱ्याचदा साधी असते. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, आतला तप्त भाग निवू द्यावा. मग पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रूळ पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. रबर कडक झाले असेल तर रूळ बदलावा. पट्टीही त्याच वेळी बदलणे चांगले.

पुस्तकात नसलेले ज्ञान

पण सगळीच दुखणी इतकी सरळ नसतात. काही प्रिंटरमध्ये रूळ एकदाच फिरावा म्हणून विद्युतचुंबकाने ओढली जाणारी एक लहान पट्टी असते. ती आवाज करू नये म्हणून तिथे फोमचा तुकडा चिकटवलेला असतो. काही वर्षांनी तो फोम चिकट होतो, पट्टी उशिरा सुटते, रूळ जास्त फिरतो आणि पहिल्या कागदामागोमाग दुसराही निघतो. लक्षण रुळाचे, दोष नखाएवढ्या फोमचा. नवा रूळ घालूनही फरक पडत नाही. अनुभवी मेकॅनिक मात्र फोमवर चिकटपट्टीचा तुकडा लावून मोकळा होतो.

असे ज्ञान येते कुठून? ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या तंत्रज्ञांबरोबर फिरून हेच पाहिले. १९९६ साली त्यांचे 'टॉकिंग अबाउट मशिन्स' हे पुस्तक आले. कंपनीची पुस्तिका सांगे: हे तपासा, 'हो' असेल तर इकडे, 'नाही' असेल तर तिकडे. पण पुस्तिकेत न बसणारा बिघाड आला की तंत्रज्ञ जेवताना, चहा घेताना एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगत. कोणते यंत्र, ते कसे रुसले, कोणत्या खुणेवरून दोष सापडला, हे त्या गोष्टींत असे. त्यातूनच नवा माणूस शिके. वरवर वेळ घालवणे वाटणाऱ्या या गप्पा खरे तर कामाचाच भाग होत्या. हे उमगल्यावर १९९० च्या दशकात कंपनीने फ्रान्समधील तंत्रज्ञांबरोबर 'युरेका' नावाचा संग्रह उभारला. तंत्रज्ञाने सुचवलेली युक्ती इतर अनुभवी तंत्रज्ञ पारखत, आणि ती सुचवणाऱ्याच्या नावासह नोंदली जाई.

याच काळातली दुसरी हकिगत उलट दिशेची आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एका जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत बदल करून ठेवला होता. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. कोणीतरी उठून कागद सोडवून येई. १९८० च्या सुमारास तिथे नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याची मूळ आज्ञावली मिळाली नाही. ती ज्यांच्याकडे होती त्यांनी गुप्ततेचे वचन दिले असल्याने ती देण्यास नकार दिला. कागद अडकतच राहिला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींची 'ग्नू' ही चळवळ जाहीर केली. तिच्यामागच्या कारणांमध्ये ते या प्रसंगाचा उल्लेख करतात.

दोन्ही गोष्टींचे सार आम्हाला एकच वाटते. यंत्र चालू राहते ते त्याच्या सुट्या भागांइतकेच त्याच्याविषयीच्या मोकळ्या बोलण्यावर. शाळांना मिळालेले प्रिंटर रबराच्या एका रुळापायी कपाटात पडून राहू शकतात, कारण तो रूळ कुठे असतो हे कोणी सांगितलेले नसते आणि उघडून पाहण्याची भीती वाटते. ज्या शाळेत शिपाईमामा, लिपिक किंवा एखादे शिक्षक ते करतात, तिथे त्यांची युक्ती त्यांच्याबरोबरच निवृत्त होते. प्रिंटरशेजारी एक वही टांगावी. तारीख, लक्षण, काय केले, उपयोग झाला की नाही आणि करणाऱ्याचे नाव, एवढेच त्यात लिहावे. नोंदी आठवी-नववीच्या मुलांना करू द्याव्यात. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा यांचा धडा त्यांना त्या वहीत मिळेल, आणि कपाटात जाणारा प्रिंटर टेबलावर राहील.