मान कुणी उघडलीच नाही

मानेतल्या ज्या दोन मोठ्या धमन्यांची ठोके आपल्या बोटाला लागतात, त्यांना ‘कॅरॉटिड’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध गुंगीशी आहे. म्हणजे मान दाबली की भान हरपतं, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. १६५८ साली स्वित्झर्लंडचे वेप्फर यांनी शवं तपासून लिहिलं, की मेंदूत रक्तस्राव झाला किंवा मेंदूकडे जाणारी धमनी बंद झाली, तर पक्षाघात होतो. तरी पुढची जवळजवळ तीनशे वर्षं डॉक्टरांची नजर मेंदूवरच. का? शवविच्छेदनात कवटी उघडत, छाती उघडत. मान सहसा उघडतच नसत! आता जिथे पाहायचंच नाही, तिथलं कारण सापडणार कसं? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा प्रश्न फार आवडतो, पण असो.

मॉन्ट्रियलच्या मिलर फिशर यांना एका रुग्णाने सांगितलं, की अर्धांगापूर्वी एका डोळ्यापुढे अंधारी यायची. आणि डोळा लुळ्या अंगाच्या उलट बाजूचा. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो: तो डोळा आणि मेंदूचा तो भाग, दोघांना रक्त देणारी धमनी एकच, मानेतली. फिशर माना तपासू लागले, १९५१ मध्ये त्यांचा लेख आला. तिथे दोष बहुतेक चरबीच्या थरांचा होता. धमनीच्या आपोआप फाटण्याचं, म्हणजे ‘डिसेक्शन’चं, सविस्तर वर्णन त्यांनी सहकाऱ्यांसह केलं ते १९७८ मध्ये.

यात आतलं अस्तर चिरतं, रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, वाट अरुंद होते. तिथली गुठळी सुटून मेंदूत अडकते. एकूण पक्षाघातांत हे कारण दोनेक टक्केच, पण पन्नाशीच्या आतल्यांत ते प्रमुख कारणांपैकी एक. गाडीचा हिसका, मान मोडून घेणं (आपल्याकडे केशकर्तनालयात हौसेनं घेतात तसं), कधी काहीच कारण नाही.

खुणा आधी दिसतात. मानेत किंवा डोक्यात एकाच बाजूला, पूर्वी कधी नव्हती अशी वेदना. त्याच बाजूची पापणी खाली, बाहुली बारीक. कारण धमनीला लपेटून जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. कधी कानात नाडीचा आवाज येतो. आघाताचा धोका पहिल्या दोनेक आठवड्यांत सर्वाधिक. वेळीच तपासणी झाली, तर रक्त गोठू न देणारी औषधं देता येतात. एमआरआयमध्ये धमनीच्या भिंतीतलं रक्त चंद्रकोरीसारखं दिसतं; मात्र तपासणी मानेचीही करायला सांगावी लागते.