अपिलानंतरचा हुकूमनामा : दिवाणी निकालाच्या अंतिमत्वाचा प्रश्न

दिवाणी न्यायप्रक्रियेत निकालाच्या अंतिमत्वाला अनन्यसाधारण महत्त्व आहे. तथापि अपील संपल्यानंतर निकाल सदोष वा कपटाने मिळविलेला असल्याचे उघडकीस आले, तर पक्षकाराने कोणाकडे जावे, हा प्रश्न ब्रिटिश अमदानीपासून चर्चिला गेला आहे.

१८५९ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्याने नवा पुरावा सापडल्यास पुनर्विलोकनाची मुभा दिली. मात्र ज्या हुकूमनाम्यावर अपील झालेले नाही, त्यापुरतीच. १९०८ च्या संहितेतील ४७ व्या आदेशानेही ही मर्यादा कायम ठेवली. अपिलाचा निकाल लागताच मूळ हुकूमनामा वरिष्ठ न्यायालयाच्या हुकूमनाम्यात विलीन होतो, असे तत्त्व पुढे रूढ झाले. त्यानुसार मूळ न्यायालयाकडे फेरविचारासाठी काही उरतच नाही. तर्क निर्दोष खरा, पण अन्यायग्रस्त पक्षकाराच्या हाती त्याने काही लागत नाही.

कपटाच्या बाबतीत कायदा अधिक उदार राहिला. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४४ अन्वये (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ३८) निकाल कपटाने मिळविल्याचे प्रतिपक्षास दाखवून देता येते. चेंगलवराय नायडू खटल्यात (१९९३) न्यायालयीन लिलावात मालकाच्या वतीने मालमत्ता घेणाऱ्या वादीने १९४५ चे आपलेच हक्कसोडपत्र दडवून वाटपाचा प्राथमिक हुकूमनामा मिळविला होता. न्या. कुलदीप सिंग व न्या. पी. बी. सावंत यांनी असा हुकूमनामा शून्यवत ठरविला आणि त्यास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येते, असे स्पष्ट केले.

परंतु कपट नाही, चूक आहे आणि ती खुद्द सर्वोच्च न्यायालयाचीच आहे, तर काय? संविधानाच्या अनुच्छेद १३७ खालील पुनर्विलोकनही फेटाळले गेल्यावर वाट खुंटत असे. रूपा हुर्रा प्रकरणात १० एप्रिल २००२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने क्युरेटिव्ह याचिकेचा मार्ग खुला केला. त्यासाठी ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. ही अट सामान्य पक्षकारास जाचक आहे, हे नमूद करावयास हवे.

या अधिकाराचा ठळक वापर बरोबर २२ वर्षांनी, १० एप्रिल २०२४ रोजी झाला. दिल्ली मेट्रोविरुद्धचा २०१७ चा लवाद निवाडा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो पुनःस्थापित केला व पुनर्विलोकनही नाकारले. अखेर त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल रद्द करून खंडपीठाचा निर्णय कायम केला. सुमारे ८,००० कोटी रुपयांचे दायित्व त्यामुळे संपुष्टात आले. यातून लवाद प्रकरणांत हस्तक्षेपाचा आणखी एक टप्पा निर्माण होऊ नये, असा इशाराही न्यायालयाने त्याच निकालात दिला.