चेंडू ओळखायला कोण शिकवते?

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर लांब. गोलंदाज एका टोकाच्या रेषेजवळून चेंडू सोडतो, फलंदाज दुसऱ्या टोकाच्या रेषेवर उभा असतो. या दोन रेषांमधले अंतर १७.६८ मीटर. जलद गोलंदाजाच्या चेंडूचा वेग ताशी १४० किलोमीटर धरला, तर तो सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर होतो. भागाकार केला की उत्तर येते ०.४५ सेकंद. टप्पा पडल्यावर चेंडू थोडा मंदावतो, म्हणून आपण सोयीसाठी अर्धा सेकंद धरू.

आता या अर्ध्या सेकंदाचा खर्च मांडू. डोळ्याला काही दिसल्यापासून त्यानुसार हात हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. शिल्लक उरतो तो सुमारे एक दशांश सेकंद. एवढ्या अवधीत चेंडू आखूड की खोल, आत येणारा की बाहेर जाणारा, हे सगळे ठरवायचे असते. अमेरिकेतल्या बेसबॉलची गोष्टही अशीच आहे. तिथे चेंडू फेकण्याची जागा फलंदाजापासून १८.४४ मीटरवर असावी असे १८९३ साली ठरले. चेंडू टप्पा घेत नाही, पण हवेतल्या हवेत वळतो किंवा खाली झुकतो, आणि फलंदाजाला मिळतात जेमतेम चार दशांश सेकंद.

तरीही माणसे हा चेंडू टोलवतात. कसा? 'नजर तेज असते, उपजतच असते' हे आपल्याकडचे तयार उत्तर. हे उत्तर कितपत टिकते ते पाहण्यासाठी आपण शंभरसव्वाशे वर्षे मागे, पुण्याला जाऊ.

पुण्याच्या मैदानावरचा गोलंदाज

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७० च्या दशकातला, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. १८९० च्या दशकात गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये बाळूंना काम मिळाले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी लावणे, मैदानाची निगा राखणे ही त्यांची कामे. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकणे हेही त्यातच आले. बाळू डावखुरे होते आणि संथ फिरकी टाकत.

या क्लबात कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक अधिकारी होता. नावाचा अपभ्रंश होऊन लोक त्याला 'जंगली ग्रेग' म्हणत. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांमध्ये त्याची गणना अग्रभागी होई. असे सांगतात, की तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. बाळूंनी त्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस देई. हा सराव दिवसेंदिवस चालला. एका हाताचे बारीकसारीक फरक ग्रेगच्या नजरेत भरत गेले. बाळूंनाही कळत गेले, की चांगला फलंदाज कशाने चकतो. गुरू कोण आणि शिष्य कोण हे ठरवणे अवघड आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घेतली पाहिजे. बाळूंनी त्या जाळ्यात तासन्‌तास गोलंदाजी केली, पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची आणि उच्चकुलीनांची मिरास होती. घाम गाळायचे काम नोकरांचे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात येई. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना मुंबईत हरवले, तेव्हा बाळू त्या संघात होते. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा गोलंदाज म्हणून इतिहास त्यांची नोंद घेतो. फलंदाज म्हणून ते कुठवर गेले असते, हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांची कहाणी याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. विठ्ठल फलंदाज झाले, नावारूपाला आले आणि १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. घर एक, जात एक. फरक पडला तो बॅट हाती येण्याचा. उपजत नजरेच्या सिद्धांताला पहिला धक्का इथेच बसतो.

प्रयोगशाळेत काय दिसले

खेळाडूची नजर मोजण्याचा मोह फार जुना आहे. १९२१ साली अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथ याला कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेऊन त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. त्याच्या प्रतिक्रिया सामान्यांपेक्षा सरस निघाल्या आणि एका लोकप्रिय विज्ञान मासिकात त्याचा गाजावाजा झाला. 'थोर फलंदाज म्हणजे विलक्षण इंद्रिये' ही समजूत त्यामुळे पक्की झाली.

पुढच्या प्रयोगांनी ती सैल केली. १९८७ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लिऑड याने एक साधी युक्ती योजली. चटईखाली लाकडाच्या बारीक दांड्या ठेवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कोणत्या बाजूला वळेल हे कोणालाच आधी कळू नये. समोर उभे केले नामवंत फलंदाज. चेंडू वळल्यापासून सुमारे ०.२ सेकंदांच्या आत त्यांनाही फटका बदलता आला नाही. अगदी सामान्य माणसाला लागतो तेवढाच हा वेळ! म्हणजे मोठ्या फलंदाजाच्या मज्जातंतूंमध्ये काही वेगळी वीज धावत नाही.

मग तो वेळ वाचवतो कुठे? ऑस्ट्रेलियात ब्रूस ॲबरनेथी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात चित्रफितींचा उपयोग केला. गोलंदाज धावत येतो, हात फिरवतो, आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी किंवा त्याच्याही आधी चित्र बंद होते. फलंदाजाला विचारायचे, हा चेंडू कोणता होता? नवखे अंदाजपंचे सांगत. मुरलेले खेळाडू मात्र चेंडू हवेत येण्यापूर्वीच गोलंदाजाच्या हाताच्या आणि मनगटाच्या हालचालीवरून पुष्कळ काही ताडत. २००० साली मॅक्लिऑडने मायकेल लँड या शास्त्रज्ञासह फलंदाजांच्या डोक्याला छोटा कॅमेरा बसवून त्यांचे डोळे कुठे वळतात तेही पाहिले. 'चेंडूवरून नजर हलू देऊ नका' हा उपदेश आपण सारे करतो. प्रत्यक्षात फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर झटकन पुढे उडी मारून चेंडू जिथे पडणार तिथे जाऊन थांबते आणि टप्प्यानंतर पुन्हा त्याचा माग घेते. जाणता खेळाडू ही उडी लवकर मारतो, कारण चेंडू कुठे पडणार याचा अंदाज त्याला लवकर आलेला असतो.

२००४ साली अमेरिकेत या गोष्टीचे जाहीर प्रात्यक्षिकच झाले. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या जेनी फिंचने एका प्रदर्शनी सामन्यात बेसबॉलच्या नामांकित फलंदाजांना बाद केले. त्यांत अल्बर्ट पुहोल्सही होता. सॉफ्टबॉलचा चेंडू आकाराने मोठा. अंतर कमी आणि वेगही कमी, त्यामुळे पोचायला लागणारा वेळ बेसबॉलइतकाच. पण सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो. वरून येणारे हजारो हात पाहून जमवलेले शहाणपण त्या एका हातापुढे निरुपयोगी ठरले.

बुद्धिबळातही हेच दिसते. १९७३ साली चेस आणि सायमन यांनी दाखवले, की खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडू काही सेकंद पाहून जशीच्या तशी लावतो. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या तर तो नवख्याच्या जवळपास येतो. स्मरणशक्ती तीच, पण ओळखीच्या आकृत्या नाहीशा झालेल्या असतात.

नाण्याचा इतिहास

ही ओळख शिकवायची कशी? प्रयोगशाळा निघण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या मैदानांनी आपले उत्तर शोधले होते. पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ साली सुरू झाली. ओली खेळपट्टी, उगवलेले गवत, एक चेंडू उसळतो तर दुसरा बसतो. अशा परिस्थितीत जो टिकला त्याच्या डोक्यात नाना तऱ्हेच्या चेंडूंचा संग्रह तयार होई. पुस्तकात वाचून तो मिळत नाही.

शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी हीच गोष्ट हेतुपुरस्सर केली. सरावाच्या शेवटी, सचिन तेंडुलकर दमलेला असताना, ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याला ते नाणे मिळे. कोणी बाद करू शकले नाही तर ते सचिनचे. अशी १३ नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. स्कूटरवर बसवून सर त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत, म्हणजे गोलंदाज नवा, हात नवा, खेळपट्टीही नवी. ग्रेगचे आठ आणे आणि आचरेकरांचा रुपया यांत काळाचे अंतर नव्वदएक वर्षांचे आहे, पण युक्ती एकच: चेंडू टाकणाऱ्याने जीव तोडून टाकला पाहिजे.

१९९८ सालचा चेन्नईचा कसोटी सामना याचे ठळक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन फलंदाजाच्या पायामागच्या उखडलेल्या जागेत लेगब्रेक टाकणार, असा अंदाज होता. सचिनने आधीच सरावाची खेळपट्टी त्या जागी मुद्दाम उखडून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन या माजी लेगस्पिनरला तसेच चेंडू टाकायला सांगितले. पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर बाद केले. दुसऱ्या डावात सचिनने नाबाद १५५ धावा केल्या आणि भारताने सामना जिंकला. टीव्हीवर त्या फटक्यांची चपळाई दिसली. त्यामागची गोलंदाजी पाहायला मोजकेच लोक होते.

आता चेंडू फेकणारी यंत्रे आली आहेत. फटका घोटून घ्यायला ती उपयोगी पडतात. मात्र यंत्राला मनगट नसते, खांदा नसतो. चेंडू सुटण्यापूर्वीची सगळी अक्षरे तिथे पुसलेली असतात. म्हणून बेसबॉलचे प्रशिक्षक यंत्राच्या जोडीला चित्रफितींचा सरावही घेतात. चित्र मध्येच थांबवायचे, खेळाडूने चेंडूचे नाव सांगायचे आणि लगेच बरोबर की चूक हे त्याला दाखवायचे. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण उत्तर ताबडतोब कळले तरच अंदाज सुधारतो.

आपल्या मैदानावर

गडचांदूर परिसरातली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि टप्पा पडलेला चेंडू कुठे जाईल याचा नेम राहत नाही. क्रीडातासाला ही अडचण वाटते, पण विज्ञानाच्या तासाला ती चालून आलेली संधी आहे. दोन सोपे प्रयोग सुचवतो.

पहिला पट्टीचा. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडायची. दुसऱ्याने दोन बोटांच्या चिमटीत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर गुरुत्वाच्या सूत्राने वेळ येतो ०.२ सेकंद. शाळेतला सर्वांत चांगला फलंदाज आणि कधी बॅट न धरलेली मुलगी, दोघांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. ते बहुधा फार दूर नसतात.

दुसरा मैदानावरचा. टेनिसचा चेंडू घ्यावा. गोलंदाजाने कधी बोटांनी डावीकडे, कधी उजवीकडे फिरकी द्यावी. फलंदाजाने चेंडू मारायचा नाही, फक्त टप्पा पडण्यापूर्वी 'डावा' किंवा 'उजवा' असे ओरडायचे. एकाने वहीत नोंद ठेवावी. रोज प्रत्येकी वीस चेंडू, असे तीन आठवडे केले, की आलेख काढण्याजोगी माहिती जमा होते. नंतर गोलंदाज बदलून पाहावा. बरोबर उत्तरे कमी होतात का ते मुलांनीच शोधावे.

या प्रयोगाला एकच अट आहे, आणि ती पाळली नाही तर आकड्यांना काही अर्थ राहणार नाही. वर्गातल्या प्रत्येकाला बॅट हाती घेऊन सारखेच चेंडू मिळाले पाहिजेत. एरवी आपल्या मैदानावरही काही मुले कायम फलंदाज असतात आणि काही कायम चेंडू आणून देणारी. वर्षाच्या शेवटी आपण पहिल्यांना हुशार म्हणतो. गणिताच्या तासाला फळ्यापाशी कोणाला बोलावले जाते याचाही हिशेब असाच एकदा मांडून पाहावा.