मैदान आणि कागदी चव्हाटा

सार्वजनिक जागा म्हणजे पायाखालची मोकळी जमीन आणि मोबाइलवरचा चव्हाटा म्हणजे तिची अलीकडची नक्कल, असं आपण धरून चालतो. मुंबईच्या मैदानांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. जागेवरचा हक्क तिथे जमिनीइतकाच कागदावरही घडला. किल्ल्यासमोरचं एस्प्लनेडचं मैदान तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून मोकळं ठेवलेलं. लोकांच्या विरंगुळ्याचा विचार त्यात नव्हता. १८६०च्या दशकात तट पाडले गेले. १८७५ साली निघालेल्या गोऱ्यांच्या बॉम्बे जिमखान्याने मैदानाचा एक तुकडा राखून घेतला. उरलेल्या भागात पारशी नि हिंदू पोरं क्रिकेट खेळत, आणि तिथेच साहेब लोक पोलोसाठी घोडे घालत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. १८८१ साली खेळाडूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला. गाऱ्हाणं खड्ड्यांचं होतं, पण अर्जात उतरताना त्याचं रूप पालटलं: मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंनी मैदान का गमवावं? घोड्यापुढे उभं राहून हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. सरकारचा निर्णय कधी इकडे, कधी तिकडे झुकला. पारशी क्रिकेटपटू शापूरजी सोराबजींनी या झगड्याची हकीकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली.

यावर कोणी म्हणेल, अर्ज-पुस्तकांचा हा कागदी चव्हाटा चार शिकलेल्यांचा. खरंच आहे, गिरणीतल्या कामगाराला त्यात जागा नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: नुसत्या कागदाने काय होतं? महाडकडे पाहा. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळं खुलं केलं. तरी तिथलं पाणी घेण्याची अस्पृश्यांची सोय झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा कुठे ठरावाला पाय फुटले. पण म्हणून कागद कुचकामी होता, हे मला पटत नाही. तळं नगरपालिकेचं, म्हणजे सर्वांचं, ही भूमिका घ्यायला त्याच ठरावांचा आधार होता. सनातन्यांनीही उत्तर द्यायला कोर्टच गाठलं, आणि तळं खाजगी असल्याचा त्यांचा दावा हायकोर्टात निकालात निघायला १९३७ उजाडलं.