लष्करचे पदवीधर : दरबारी नोकरीपासून मुंबईच्या गाडीपर्यंत

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस दौलतराव शिंदे यांनी इ. स. १८१० च्या सुमारास फौजेचा तळ टाकला. तळ उठला नाही, त्याचे शहर झाले आणि छावणीसाठी असलेला 'लष्कर' हा फारसी शब्दच त्या शहराचे नाव होऊन बसला. जुने ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर अशा तीन वस्त्यांपैकी राजवाडा, सराफा, कचेऱ्या आणि मराठी सरदार-कारकुनांची घरे मुख्यत्वे लष्करात होती. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कागदोपत्री दीर्घकाळ फारसी-उर्दू, अशी त्या काळच्या मराठी कुटुंबाची भाषिक रीत होती.

येथील आधुनिक शिक्षणाचा आरंभ १८४६ च्या 'लष्कर मदरशा'पासून मानला जातो. मदरसा म्हणजे केवळ धार्मिक शाळा, हा अर्थ अलीकडे रूढ झाला आहे. त्या काळी शाळा म्हणजे मदरसा, इतकाच साधा अर्थ होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये या संस्थेस 'व्हिक्टोरिया कॉलेज' हे नाव मिळाले. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते कॉलेजच्या भव्य इमारतीचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर तेच महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय झाले.

कॉलेज लष्करात असले, तरी पदवी देणारे विद्यापीठ मात्र नेहमी परगावी होते. प्रथम अलाहाबाद, १९२७ नंतर आग्रा, १९५७ मध्ये स्थापन झालेले उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आणि अखेरीस १९६४ मध्ये ग्वाल्हेरचेच जिवाजी विद्यापीठ, असा हा क्रम आहे. म्हणजे सुमारे पाऊण शतक लष्करच्या मुलाने शिकावे आपल्या गावात आणि प्रमाणपत्रावर शिक्का असावा दुसऱ्या गावाचा, अशी स्थिती होती.

पदवी मिळाल्यावर काय, हा प्रश्न संस्थानी काळात फारसा बिकट नव्हता. माधवराव शिंदे (मृत्यू १९२५) यांच्या कारकिर्दीत संस्थानाचा कारभार वाढला. सुभे, तहसिली, न्यायखाते, शिक्षणखाते आणि अरुंद रुळांची रेल्वे, सर्वांना शिकलेली माणसे हवी होती. या व्यवस्थेत पदवी नसलेल्या गुणी माणसालाही जागा होती. भा. रा. तांबे यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी देवासच्या युवराजांचे शिक्षक ते ग्वाल्हेरचे राजकवी असा त्यांचा प्रवास झाला आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरातच त्यांचे निधन झाले. हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्या घराण्यात तालीम घेतलेल्या मराठी गायकांना तर कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. उस्तादाचे नाव हीच त्यांची सनद होती.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले आणि ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी झाले. मोतीमहालात सचिवालय आले. ही व्यवस्था आठ वर्षे टिकली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला. ग्वाल्हेरच्या वाट्यास न्यायालयाचे खंडपीठ, महालेखाकाराचे कार्यालय आणि महसूल मंडळ आले. वाटणी म्हणून हे कमी नव्हते. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या 'बी.ए. झाला की दरबारात चिकटेल' असे धरून चालत होत्या, त्या घरांची गणिते चुकली. बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये हजारोंना काम होते. तेथे मागणी होती ती मात्र प्रामुख्याने हातांना.

ज्यांना शक्य होते ते बाहेर पडले. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध अर्थातच अटलबिहारी वाजपेयी. व्हिक्टोरिया कॉलेजातून बी.ए. झाल्यावर ते कानपूरच्या डी.ए.व्ही. कॉलेजात एम.ए. झाले. तेथे कायद्याच्या वर्गात त्यांचे निवृत्त शिक्षक वडील सहाध्यायी होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. संस्थानातच जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध (श्योपूर, १९१७) यांची वाट खडतर होती. घर मराठी, वडील पोलीस खात्यात, लेखन हिंदीत. १९३८ मध्ये ते इंदूरहून बी.ए. झाले; पुढे वीस वर्षे लहानमोठ्या शाळा, नियतकालिके आणि आकाशवाणी अशा नोकऱ्या बदलत राहिले. राजनांदगावच्या कॉलेजात स्थिर जागा मिळाली ती १९५८ मध्ये आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला.

उर्दूच्या संदर्भात दोन नावे एकत्र पाहण्याजोगी आहेत. जाँनिसार अख्तर यांचा जन्म १९१४ मध्ये ग्वाल्हेरचा. वडील मुज्तर खैराबादी नामवंत शायर. अलीगढहून एम.ए. झाल्यावर त्यांनी डॉक्टरेटचे काम आरंभिले, परंतु घरच्या परिस्थितीमुळे ते अर्धवट टाकून ते व्हिक्टोरिया कॉलेजात उर्दूचे प्राध्यापक झाले. १९४७ च्या दंगलींनंतर कुटुंब भोपाळला गेले. हमीदिया कॉलेजात पती-पत्नी दोघांनाही नोकरी लागली. १९४९ मध्ये जाँनिसार नोकरी सोडून मुंबईस आले. या राजीनाम्याचा उल्लेख नेहमी कौतुकाने होतो. तो निर्णय पेलला कोणी, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पत्नी सफिया याही अलीगढच्या शिक्षित, शायर मजाज यांच्या भगिनी. त्या भोपाळला राहिल्या, शिकवीत राहिल्या आणि दोन लहान मुलांना त्यांनी सांभाळले. त्यांनी पतीस लिहिलेली पत्रे 'हर्फे-आश्ना' आणि 'जेरे-लब' या नावांनी प्रसिद्ध आहेत. प्रेम, आजारपण आणि महिनाअखेरची ओढाताण एकाच कागदावर उतरलेली अशी पत्रे उर्दूत थोडीच असतील. १९५३ मध्ये सफिया यांचे निधन झाले. सुशिक्षित मुस्लिम स्त्रीच्या कमाईवर उभ्या राहिलेल्या घराचा दस्तऐवज म्हणूनही या पत्रांचा अभ्यास व्हावयास हवा.

दुसरे नाव निदा फाजली यांचे. मूळ नाव मुक्तदा हसन. जन्म १९३८, दिल्लीचा. बालपण आणि शिक्षण ग्वाल्हेरात. वडीलही शायर होते. इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळाली तेव्हा राजधानी नुकतीच भोपाळला गेली होती. दरबार उरला नव्हता आणि दरबारी उर्दूही मागे पडत चालली होती. काही वर्षांनी, १९६४ मध्ये, ते नोकरीच्या शोधात मुंबईस आले. १९६५ मध्ये आईवडील नातेवाइकांकडे पाकिस्तानात गेले; मुलगा येथेच राहिला. सत्तावीस वर्षांच्या पदवीधरापुढे नोकरीचा प्रश्न होताच, आता त्यात परतावयाचे घरही नाही याची भर पडली. 'धर्मयुग' आणि 'ब्लिट्झ' यांत लेखन करून त्यांनी दिवस काढले. ग्वाल्हेरचे दिवस पुढे त्यांनी 'दीवारों के बीच' या आत्मकथनात मांडले. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९९८ मध्ये मिळाला. पदवीनंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला तो मात्र लष्करच्याच एका धाग्याने. कमाल अमरोही यांच्या 'रझिया सुलतान'ची गाणी जाँनिसार अख्तर लिहीत होते. १९७६ मध्ये ते वारले तेव्हा काम अपुरे होते. उरलेल्या दोन गाण्यांसाठी अमरोहींनी निदा फाजली यांना बोलावून घेतले.